खाडीचा रस्ता की फेरीबोट

उझित्से, २५ जून

ती. रोसांदा वन्सं यांस,

मिलुंकाचा वाकून नमस्कार. देवमातेच्या कृपेनं तुम्ही सगळी सुखरूप असाल अशी आशा करते.

पार्सल पोचलं. दोन लिटर ऑलिव्हचं तेल (बाटली शाबूत, बूच जरासं पाझरलं, त्यामुळे अंजिरांची एक माळ तेलकट झाली, पण तीच मुलांनी आधी संपवली), सुक्या अंजिरांच्या एकूण तीन माळा, तमालपत्राची जुडी, खारवलेल्या माशांची बरणी आणि ओग्न्येनसाठी विणलेला निळा स्वेटर. तो स्वेटर आता दुन्या घालणार, कारण ओग्न्येन वर्षभरात एक वीत वाढला आहे आणि थांबायचं नाव नाही. टपाल कचेरीत यंदा पहिल्यांदाच जकात द्यावी लागली, सहाशे चाळीस दिनार. मी खिडकीतल्या बाईला म्हटलं, अहो, हे तेल माझ्या सख्ख्या नणंदेच्या दारच्या झाडाचं आहे. ती म्हणाली, "बाई, झाड आता परदेशात आहे." देश वेगळे झाल्याला एकच वर्ष झालं, वन्सं. आपलं घर त्याच्या दहा वर्षं आधीच वेगळं झालं, पण तेव्हा निदान जकात नव्हती.

तुमचा गुडघा कसा आहे? कोबीचं पान ठेचून रात्रभर बांधा, सकाळी फेकून द्या, कोंबड्यांना घालू नका. भावोजींच्या दम्यासाठी मी संत निकोलासपुढे मेणबत्ती लावते, दर रविवारी, मोठी नव्हे, मधली. आमच्याकडे सगळी ठीक. तुमच्या बंधूंची मान आखडली आहे, त्याची हकिकत पुढे येईलच.

आता मुद्द्याचं, म्हणजे तुम्ही पत्र अर्ध्यावर चुलीत घालण्याआधी. येत्या २१ जुलैला, शनिवारी, मी तुमच्या बंधूंना ओराहोवात्सला तुमच्या दारात आणून उभं करणार आहे. त्यांना हे ठाऊक नाही. अकरा वर्षं तुम्ही मुलांच्या नावानं पार्सल पाठवता आणि आत चिठ्ठी नसते. अकरा वर्षं मी आभाराचं पत्र लिहिते आणि त्यात भावाचा उल्लेख नसतो. अंजिरं मात्र हे मूठ मूठ खातात, कुठून आली ते विचारत नाहीत. थोरली बहीण म्हणते धाकट्यानं यावं, घरचा कर्ता म्हणतो रुसून गेलेल्यानं परत यावं. असंच चाललं तर तुम्ही दोघं एकमेकांच्या अंत्ययात्रेलाच भेटाल, आणि तिथंही एक जण गप्पच असणार.

झालं कशावरून ते तुम्हाला सांगायला नको, तरी पत्रात सगळं क्रमानं असावं म्हणून लिहिते. मामंजी गेल्यावर चाळिसाव्या दिवसाचं जेवण. डिसेंबरातला उपास, म्हणून मांस नाही, मासा. तुमच्या सासरची माणसं बर्फातून सात तास गाडी हाकून आली आणि त्यांच्या ताटात मासा पोचलाच नाही, घेवड्याची उसळ पोचली. समुद्रकाठच्या माणसांना! तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "बापाच्या जेवणावर कंजुषी करणारा भाऊ मला नको." आणि हे म्हणाले, "ताटं मोजायला आली असशील तर मोजून झाली, आता जा." तुम्ही गेलात. उसळ चांगली झाली होती, पण त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

यंदा या गोष्टीला वाट फुटली ती मुलांमुळे. दुन्या सोळाची झाली. डोळ्यांना काळं फासते आणि दिवसातून तीनच वाक्यं बोलते: "नको", "माहीत नाही" आणि "तुला नाही कळायचं". (तिसरं वाक्य मोठं आहे म्हणून ते जरा कमी वेळा.) ओग्न्येन चौदाचा, तो खातो आणि हिशेब करतो. तर या दोघांनी मेमध्ये जाहीर केलं की यंदा आजीसारखं गरम पाण्याच्या झऱ्यात बसायला आम्ही येणार नाही. वर्गातल्या कुणा मुलीच्या घरच्यांनी म्हणे गाडीनं अख्खा किनारा पालथा घातला, समुद्र सतत खिडकीशी, पाहिजे तिथं थांबायचं, पाहिजे तिथं उडी मारायची. दुन्यानं मासिकातलं चित्र कापून फ्रिजवर चिकटवलं. निळं पाणी, वळणाचा रस्ता, उघड्या टपाची लाल गाडी. आमची गाडी करडी आहे आणि तिचा टप उघडत नाही, डावीकडचं मागचं दारसुद्धा उघडत नाही. पण मी ते चित्र पाहिलं आणि तो रस्ता ओळखला. खाडीला वळसा घालून तुमच्या दारावरून जाणारा. मी स्वयंपाकघरातच छातीवर क्रूस काढला, म्हटलं, ही देवाचीच खूण.

पहिली अडचण तारखेची. चर्चचं कॅलेंडर भिंतीवरून काढून टेबलावर मांडलं. पेत्रोव्दान, संत पीटरचा सण, बारा जुलैला, तोवर उपास. उपासात समुद्रावर जाऊन मुलांना बटाटे खाऊ घालणं मला पटत नाही. अठ्ठावीसपासून पुढे आगीचे संत सुरू, तेव्हा पाण्यात उतरायचं नसतं. त्यानंतर एलियाचा सण, की समुद्र गार पडलाच. मग चौदा ऑगस्टपासून देवमातेचा उपास. म्हणजे उरले दोन आठवडे. त्यात बारा तारखेला सणाचं लाल अक्षर, त्या दिवशी कुठलंच काम नको. तेराला शुक्रवार. चौदाला शनिवार, आणि शनिवारी निघालेला माणूस लवकर परतत नाही असं शेजारच्या स्तोयांका काकूंचं म्हणणं (त्यांचे यजमान शनिवारीच निघाले होते, पण ते ज्या बाईबरोबर निघाले तिचा इथं संबंध नाही). रविवारी चर्च, सोमवारी ओग्न्येनचा दात, मंगळवारी आपल्यात कुणी काही सुरू करत नाही. ओग्न्येन म्हणाला, "आई, म्हणजे घराबाहेर पडायला माणसाला थेट दफनाचाच मुहूर्त मिळतो." मी त्याला चमचा दाखवला. शेवटी बुधवार, अठरा ठरला.

दुसरी अडचण खिडक्यांची. तुम्ही समुद्रकाठी इतकी वर्षं राहिलात तरी आपल्याच घरच्या, तेव्हा तुम्हाला कळेल. गाडीच्या एका बाजूची खिडकी उघडी असली तर ती हवा. समोरासमोर दोन उघड्या असल्या तर तो झोत, आणि झोतानं माणूस मरतो. दुन्या म्हणे, "मग समुद्राकडे जायचं कशाला? कपाटात बसूया ना!" यावर तुमच्या बंधूंनी, उपास लागायच्या आधीच, रंगीत तालीम काढली. सगळं सामान गाडीत भरून झ्लातिबोरच्या डोंगरापर्यंत जाऊन यायचं, म्हणजे काय बसतं काय नाही ते कळेल. भरलं. दोन गाद्या, पिठात घोळवून तळलेले कटलेट (तालमीसाठी आठच), उकडलेली अंडी, भाजक्या मिरच्यांची बरणी, पत्र्याचं घंगाळ, आणि माझ्या मांडीवर एक कलिंगड. ते कलिंगड तालमीला कशाला हवं होतं हे मला अजून कळलेलं नाही, पण हे म्हणाले, वजन खरं पाहिजे. तिसऱ्या वळणावर पोरांनी एकमेकांकडे बघून दोन्ही बाजूंच्या खिडक्या एकदम उघडल्या. हे ओरडले, "झोत!" आणि मान वळवून बघायला गेले. कट् असा आवाज मला शेजारच्या सीटवर ऐकू आला. कलिंगड माझ्या मांडीवरून त्यांच्या ब्रेकवाल्या पायावर गेलं. आम्ही एका माणसाच्या बटाट्याच्या शेतात थांबलो. तो भला माणूस, कलिंगड त्यानं आमच्याबरोबरच खाल्लं.

तेव्हापासून यांना फक्त डावीकडे बघता येतं. स्तोयांका काकूंनी मानेला ब्रँडीत भिजवलेला फडका बांधला आहे, त्यामुळे घराला दिवसभर लग्नाचा वास येतो. एका परीनं बरंच झालं. कोतोरकडून आलं की समुद्र डावीकडे आणि तुमचं घर उजवीकडे. गाडी थांबेपर्यंत यांना ते दिसायचंच नाही.

पण तिथवर पोचायचं कसं, ही तिसरी आणि खरी अडचण. एका रविवारी जेवण झाल्यावर यांनी नकाशा पसरला आणि पेन्सिलीनं रेघ मारली. पेत्रोवात्स, बुद्वा, तिवात, इथपर्यंत सगळं किनाऱ्यानं, आणि खाडीच्या तोंडाशी आल्यावर पेन्सिल सरळ पाण्यावरून पलीकडे. फेरीबोट! खाडीचा सगळा वळसा, म्हणजे तुमचं गाव, रेघेबाहेर. मी म्हटलं, मुलांना खाडी बघायची आहे. हे म्हणाले, "फेरीबोटीतून दिसते की. चाळीस किलोमीटरचं पेट्रोल वाचतं." आता बघा वन्सं माझी पंचाईत. लग्नाला वीस वर्षं झाली, चहाची पुडी दोनदा वापरणारी बाई मी, आणि मी तिथं उभी राहून सांगते आहे की पेट्रोल काय जाळायलाच असतं, माणसानं कधीतरी हात सैल सोडावा. यांनी खुर्ची मागे सारली आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "ताप नाही," असं मुलांना सांगितलं.

मग मी ओग्न्येनला कामाला लावलं. त्यानं गाडी किती पिते आणि फेरीबोटीचं भाडं किती याचा कागद केला आणि सिद्ध केलं की वळसाच स्वस्त पडतो. यांनी कागद वाचला, परत वाचला, आणि म्हणाले, "पोरांना जरा बोटीची हौस." दुन्या म्हणाली, "आम्हाला नाही हौस." हे म्हणाले, "मग मला आहे." असा माणूस, ज्याला आंघोळीच्या टबात मळमळतं!

तेव्हा, देवा क्षमा कर, मी खोटं बोलले. म्हटलं, फेरीबोट बंद आहे, दुरुस्तीला काढली आहे, जुलैभर चालणार नाही. हे म्हणाले, "कुणी सांगितलं?" माझ्या तोंडातून निघून गेलं, स्तोयांका काकूंच्या जावयानं (तो मालट्रक चालवतो, किनाऱ्यावर जाऊन येऊन असतो). रात्रभर मला झोप नाही. म्हटलं, उद्या हे त्याला विचारणार आणि वीस वर्षांची अब्रू जाणार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे घरी आले, मानेला फडका, तिरके बसले आणि म्हणाले, "भेटला होता जावई. बंदच आहे म्हणे फेरी. आता वळसाच घालावा लागणार, काय करणार." वन्सं, माझ्या हातातून झारा पडला. ज्याच्याशी मी कधी बोललेच नाही त्या माणसानं माझं खोटं खरं केलं! मी त्याच संध्याकाळी संत निकोलासपुढे मेणबत्ती लावली, मोठी.

सामान आत्तापासूनच बांधायला घेतलं, त्यात आणखी एकदा जीव टांगणीला लागला. कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही हे आपल्या हाडीमाशी, त्यामुळे हात आपसूक चालले आणि मी पिशवीत अर्धा किलो कॉफी, दोन किलो साखर आणि गुलाबी मिठाईचा डबा भरला. हे दारात उभे. म्हणाले, "खोलीवाल्याला पैसे देणार आहोत ना आपण? मग साखर कुणाला?" मी म्हटलं, वाटेत कुणी ओळखीचं भेटलं तर. हे तळघरात गेले आणि मामंजींच्या वेळची आलुबुखाराची ब्रँडी घेऊन आले, ती, मेणानं तोंड बंद केलेली, जी दुन्याच्या लग्नासाठी ठेवली आहे. पिशवीत ठेवली. म्हणाले, "ओळखीचं भेटलं तर." तिवातला यांचा सैन्यातला एक मित्र असतो, त्याच्यासाठी असणार. मला जरा रागच आला, कारण दुन्याचं लग्न एकदाच व्हायचं आहे (निदान माझी तशी प्रार्थना आहे), पण मी तोंड उघडलं नाही. तोंड उघडण्याची माझी हिंमत संपली होती.

खोट्याचं काय ते मी पाद्रीबुवांना विचारून आले. शांततेसाठी बोललेलं खोटं पाप होतं का? ते म्हणाले, "होतं, पण लहान." मग दाढीत बोटं घालत म्हणाले, "मिलुंका, लहान पापाची कबुली द्यायला तू तीन किलोमीटर चालत येत नाहीस. मोठं कुठं आहे?" त्यांनी सांगितलं की मनात अढी असलेल्या माणसाशी समेट झाल्याशिवाय मला प्रसाद देणार नाहीत. म्हणून, वन्सं, हे नुसतं सहलीचं प्रकरण नाही.

तर बेत असा. शनिवारी साधारण पाचच्या सुमाराला आम्ही तुमच्या गावात शिरू. तुमच्या फाटकाच्या थोडं अलीकडे ओग्न्येन ओकारी येत असल्याचं सोंग करील. (त्याला ते फार खरं जमतं, शाळा बुडवून सराव झालेला आहे. मोबदला म्हणून परतीच्या वाटेवर पुढची सीट मागितली, ती मी कबूल केली.) गाडी थांबेल. तुम्ही रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसलेल्या असा, सहज बसल्यासारख्या, आणि पेलाभर पाणी घेऊन पुढे या. आजारी भाच्याला पाणी देणाऱ्या बाईला जगात कोणी "जा" म्हणत नाही. पुढचं देवावर. पण तुम्ही कट्ट्यावर असाल की नाही, एवढं मला आधी कळलं पाहिजे. तुम्ही घरात शिरून दार लावून घेतलंत, तर माझ्या नवऱ्याला ते गाडीतून दिसणार नाही, पण मला दिसेल.

भावोजींना नमस्कार, तुमच्या सासूबाईंचा हात माझ्या वतीनं कपाळाला लावा.

तुमची भावजय,
मिलुंका

ता. क. आम्ही चौघं. गाद्या आमच्या आहेत, उशा नाहीत. जेवणाची खटपट करू नका, कटलेट या वेळी तालमीचे नसतील, चाळीस असतील. खोली आम्ही बुद्वाच्या पुढं कुठंच घेतलेली नाही, हे आता लिहूनच टाकते.

दुसरा ता. क. वन्सं, मासे मी कमी केले होते. यांनी मासेवाल्याला साठ सांगितले होते. मी दुसऱ्या दिवशी गेले आणि बेचाळीस केले. म्हटलं, म्हातारी माणसं अर्धा अर्धा खातील, पोरांना काट्यांमुळे देतच नाहीत. सत्तावन्न माणसं जेवली. तुम्ही यांना बोललात तेव्हा मी आत मोरीपाशी उभी होते आणि सगळं ऐकत होते, पण बाहेर आले नाही. आज अकरा वर्षं यांना वाटतं की मासेवाल्यानं फसवलं, त्याच्या दुकानाकडे हे ढुंकून बघत नाहीत. मोठं पाप ते हे. तुम्हाला बोलायचं असेल ते मला बोला, चौघांदेखत बोला, मी खाली बघून ऐकेन. त्यांना मात्र पाणी द्या.

तिसरा ता. क. उत्तर उलट टपाली पाठवा, पण आमच्या पत्त्यावर नको. स्तोयांका काकूंच्या नावानं पाठवा. त्यांना वाचता येतं, पण चष्मा हरवला आहे.

---

आत्या, मी दुन्या. पत्र टाकायला माझ्याकडे दिलं आहे. पाकीट मी उघडलं नाही, ते आधीच उघडं होतं, आई एक पाकीट दोनदा वापरते.

फेरीबोट चालू आहे. बाबांना ठाऊक आहे. जावयाला ते भेटलेच नाहीत, तो महिनाभर हंगेरीत आहे. मासेवाल्याकडे ते दर शनिवारी बुद्धिबळ खेळतात आणि त्यानं त्यांना बेचाळीसचं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी विचारलं, मग फेरीबोटीचा हट्ट कशाला धरला? म्हणाले, "तुझ्या आईला एवढं रंगात येऊन भांडताना बघितलं नव्हतं कधी." मग विचारलं, आणि आत्याला खरं का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "तुझ्या आईला सगळ्या गावापुढे उभी करू? आणि 'जा' तर मीच म्हणालो होतो ना. ते काही तुझ्या आईनं म्हटलं नव्हतं." त्यानंतर ते बराच वेळ डावीकडे बघत बसले.

आईला यातलं काही सांगू नकोस. ओग्न्येनला ओकू दे, त्याची फार तयारी झाली आहे.

उत्तर उलट टपाली पाठव, आत्या, पण काकूंकडे नको. पाकिटावर बाबांचंच नाव घाल. ते रोज सकाळी अकराला टपालवाल्यासाठी फाटकात उभे असतात. मला आठवतं तेव्हापासून उभे असतात. आईला वाटतं, विजेच्या बिलासाठी. विजेचं बिल महिन्यातून एकदाच येतं.